व्हायरसवर फवारणी करण्याआधी: कोणती कीड, किती वेळात, कसा रोग नेते

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर दर हंगामात एक मागणी ठरलेली असते: ‘प्लॉटमध्ये व्हायरस आलाय, काहीतरी जोरात चालणारं द्या.’ दुकानदार एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक आणि वर एखादं टॉनिक काढून देतो. चार दिवस शेंडा हिरवा दिसतो, मग ये रे माझ्या मागल्या.

एकदा झाडात शिरलेल्या विषाणूला बाहेर काढणारं औषध बाजारात नाही. बुरशीनाशक बुरशीवर चालतं, कीटकनाशक किडीवर. विषाणू म्हणजे थोडा जनुकीय ऐवज आणि भोवती प्रथिनाचं कवच. तो झाडाच्याच पेशींकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो, म्हणून पेशीला धक्का न लावता त्याला मारता येत नाही. आपल्या हातात उरतं ते त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेणाऱ्या किडीला अडवणं. तिथेही सगळ्या किडींना एकच माप लावून चालत नाही. टोमॅटोत पांढऱ्या माशीवर वेळेत केलेला खर्च कामी येतो, पपईत माव्यावर केलेला बहुतेक वाया जातो. हा फरक नीट समजला तर कितीतरी फवारण्या वाचतील, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या लेखात औषधांची यादी शेवटाकडे आणि थोडक्यात आहे.

विषाणू झाडात शिरतो कसा

वनस्पतीच्या पेशीला जाड भिंत असते. विषाणूला ती स्वतः फोडता येत नाही, त्याला जखम लागते. ती छाटणीच्या कात्रीने होते, पानं घासल्याने होते, पण शेतात सर्वांत जास्त वेळा होते ती रस शोषणाऱ्या किडींच्या सोंडेने. मावा, पांढरी माशी, तुडतुडे यांची सोंड इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ आणि इतकी बारीक असते की पेशी मरत नाही, आणि विषाणूला जिवंतच पेशी हवी असते. पानं कुरतडणाऱ्या अळ्या त्या मानाने क्वचितच विषाणू पसरवतात.

किडीने विषाणू सोडला त्या दिवशी झाडावर काहीच दिसत नाही. पपई, टोमॅटो, सोयाबीन या पिकांत लक्षणं दिसायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे आज जे पिवळं पान दिसतंय, त्याला सोंड लागली ती मागच्या पंधरवड्यात किंवा त्याच्याही आधी. रोग दिसल्यावर पंप खांद्यावर घेणारा शेतकरी त्या झाडापुरता तरी उशिराच आलेला असतो.

पहिली पायरी: हा व्हायरसच आहे का, ते ठरवा

पान वाकडं झालं की व्हायरस, असा आपल्याकडे सरसकट निकाल लागतो. मिरचीत तर फारच. ‘बोकड्या’ किंवा ‘चुरडा-मुरडा’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या भानगडी खपतात, आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

मिरचीचा आकसलेला शेंडा तोडा आणि हातावर ठेवून बघा. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालंय, खालच्या बाजूला चंदेरी-तपकिरी ओरखडे आहेत, तर बहुतेक फुलकिडे. कडा खाली वळल्यात, पान अरुंद झालंय, देठ लांबलाय आणि पानाची खालची बाजू काळपट-तेलकट दिसते, तर पिवळा कोळी. पान वर वळलंय, पण सोबत शिरा जाड झाल्यात, पान आखडून लहान झालंय, दोन पेऱ्यांमधलं अंतर घटून झाड झुडपासारखं गोळा झालंय, तर लीफ कर्ल विषाणूचा संशय घ्या. फुलकिडे आणि कोळी यांनी आकसलेल्या झाडाचा नवा शेंडा योग्य फवारणीनंतर सरळ निघतो. विषाणूग्रस्त झाडाचा नवा शेंडाही वाकडाच येतो. खात्री करायची ही सर्वांत सोपी रीत, फक्त आठ-दहा दिवस धीर धरावा लागतो.

मग तणनाशकाचा विचार करा. शेजारच्या ज्वारीत, उसात किंवा बांधावर २,४-डी मारलं आणि वारा आपल्याकडे होता, तर टोमॅटो, कापूस, द्राक्ष यांची पानं सुतळीसारखी अरुंद होतात, शिरा समांतर दिसतात. हे इतकं हुबेहूब विषाणूसारखं असतं की जाणकारही फसतो. ओळखायची खूण अशी की फटका एका बाजूने, वाऱ्याच्या दिशेने, एकाच वेळी आणि शेजारच्या निरनिराळ्या रुंदपानी झाडांवर दिसतो. विषाणू असा ओळीने येत नाही. तो आधी बांधाकडच्या चार-दोन झाडांवर दिसतो, मग मध्येच एखादं, मग त्याच्या आजूबाजूची.

अन्नद्रव्याची कमतरता त्याहून वेगळी. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं की एकूणएक झाडांची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. सोयाबीनमधला पिवळा मोझॅक मात्र पानावर गडद पिवळ्या आणि हिरव्या रंगाचे वेडेवाकडे तुकडे काढतो आणि शेजारचं झाड अगदी ठणठणीत असू शकतं.

दोन रोग विषाणूचे नसून त्यात गणले जातात. वांग्याचा पर्णगुच्छ आणि तिळाची हिरवी फुलं हे फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होतात, तो तुडतुड्यांमार्फत पसरतो. उपाय बराचसा तोच, म्हणजे झाड उपटणं आणि तुडतुडे आवरणं, त्यामुळे इथे घोळ झाला तरी फार नुकसान नाही.

दुसरी पायरी: कीड शोधा

दहापट मोठं दाखवणारं भिंग शंभर-दीडशे रुपयांत मिळतं. ते खिशात असू द्या. सकाळी ऊन चढायच्या आत शेतात जा, कारण तेव्हा पांढरी माशी सुस्त असते. झाड न हलवता शेंड्याखालचं तिसरं-चौथं पान हळूच उलटं करा. जेमतेम मिलिमीटरभर लांबीची, पंख छपरासारखे मिटून बसलेली पांढरी माशी दिसेल. जुन्या पानांखाली तिची पिल्लं असतात, चपटी, पिवळसर, खवल्यासारखी चिकटलेली. पहिल्या अवस्थेनंतर ती जागेवरून हलत नाहीत. नुसत्या उडणाऱ्या माश्या बघून अंदाज चुकतो. पिल्लं भरपूर असतील तर पुढच्या दहा-पंधरा दिवसांत काय होणार ते कळतं.

फुलकिड्यांसाठी पांढरा कागद धरून त्यावर शेंडा किंवा फूल आपटा. बारीक, लांबट, पिवळे ते तपकिरी किडे कागदावर पळताना दिसतील. मावा बहुतेक पिकांवर थव्याने बसतो, त्याला शोधावं लागत नाही. पण पपईवर तो सापडणार नाही, आणि त्याचं कारण पुढे येतंय.

तुरीचा वांझ रोग ज्या कोळ्यामुळे पसरतो, तो मात्र दहापट भिंगातूनही नीट दिसत नाही. एक-पंचमांश मिलिमीटर लांबीचा तो प्राणी कीटकही नाही. तिथे झाडाकडेच बघायचं: भोवती तूर फुलाला आलेली असताना मध्येच एखादं झाड फिकट हिरवं, लहान पानांचं, बिनफुलाचं, झुडपासारखं उभं असतं.

सापळ्यांबद्दल एवढंच. पांढरी माशी आणि मावा यांना पिवळा चिकट सापळा, फुलकिड्यांना निळा. एकरी आठ-दहा लावले तर कीड कधी आली ते समजतं. त्यांनी रोग थांबेल, अशी आशा मात्र ठेवू नका.

तिसरी पायरी: सेकंद, तास की जन्मभर?

सगळी मेख इथे आहे. कीड रोगट झाडावरून विषाणू घ्यायला किती वेळ लावते, तो तिच्यात किती काळ टिकतो आणि निरोगी झाडात सोडायला किती वेळ लागतो, या तीन उत्तरांवर पुढचं सगळं नियोजन अवलंबून असतं.

*सेकंदांचा हिशोब.* पपईचा रिंगस्पॉट घ्या. शहादा, नंदुरबारच्या पपई पट्ट्यात हा रोग कोणाला सांगावा लागत नाही. पानं चितकबरी होतात, पुढे दोऱ्यासारखी बारीक होतात, देठावर आणि खोडाच्या कोवळ्या भागावर तेलकट हिरवे ओघळ उमटतात आणि फळावर गोल कडी दिसतात. मावा तर कुठे दिसत नाही, मग व्हायरस आला कुठून, असा प्रश्न तिथे हमखास येतो.

पपई हे माव्याचं घर नाही. तो तिथे वस्ती करत नाही, पिल्लं घालत नाही. पंख फुटलेला मावा वाऱ्यासोबत फिरतो, हिरवं दिसलं की उतरतो आणि हे आपल्या खाण्याचं झाड आहे का, हे बघायला सोंड पानाच्या वरच्या थरात काही सेकंद खुपसतो. पटलं नाही की उडतो, पुढच्या झाडावर हेच करतो. या चाखण्यात रोगट झाडातला विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो आणि पुढच्या झाडात उतरतो. तो माव्याच्या पोटात जाऊन रुजत नाही. दोन-चार ठिकाणी सोंड घातली की टोक साफ होतं.

आता यात कीटकनाशक कुठे बसतं ते बघा. सर्वांत जलद औषधालाही कीड मरायला काही मिनिटं, बहुतेकदा तास लागतात. मावा मरण्याच्या आत त्याचं काम झालेलं असतं. काही औषधांनी तर तो बेचैन होऊन आणखी झाडांवर उड्या मारतो. पपईत दर आठवड्याला माव्यासाठी फवारणी करणाऱ्याने हा खर्च दुसरीकडे वळवावा, असं मी स्पष्टच सांगेन.

काकडीच्या नावाने ओळखला जाणारा कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही, याच गटात येतो. त्याच्या यजमान वनस्पती हजाराच्या वर आहेत आणि तो वाहणाऱ्या माव्याच्या जातीही साठच्या पुढे. जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीवर ‘हरण्या’ म्हणतात तो हाच. कोवळ्या पानावर शिरांना समांतर पिवळे पट्टे, पान कडक, पुढे पोंगा कुजतो. ढगाळ, दमट जुलै-ऑगस्टमध्ये नव्या मृगबागेत तो जोर धरतो. २०२० च्या उन्हाळ्यात सातारा, नगर, नाशिक, पुणे भागात टोमॅटोची फळं लाल-पिवळी-हिरवी पडू लागली आणि ‘तिरंगा व्हायरस’ नाव गाजलं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत प्रामुख्याने सीएमव्ही सापडला. टोमॅटो खाल्ल्याने माणसाला काही होईल, ही अफवा त्या वेळी टाळेबंदीच्या वातावरणात खूप फिरली. वनस्पतीचे हे विषाणू माणसाला आजारी पाडत नाहीत.

*तासांचा हिशोब.* पांढऱ्या माशीचं गणित वेगळं. टोमॅटो आणि मिरचीचा लीफ कर्ल, भेंडीचा केवडा, मूग-उडीद-सोयाबीनचा पिवळा मोझॅक हे सगळे बेगोमोव्हायरस, म्हणजे पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या विषाणूंचा गट. माशीला विषाणू घ्यायला निदान दहा-पंधरा मिनिटं ते अर्धा तास रस शोषावा लागतो. मग तो तिच्या आतड्यातून रक्तात, तिथून लाळग्रंथीत पोचायला बरेच तास घेतो. तोवर ती निरुपद्रवी असते. त्यानंतर मात्र अनेक दिवस, कधी मरेपर्यंत, ती बसेल त्या झाडात विषाणू सोडत राहते. पिल्लाने रोगट पानावर रस घेतला तर त्यातून निघणारी माशीही विषाणू घेऊनच बाहेर येते.

म्हणून इथे फवारणीला अर्थ आहे, पण मर्यादित. बाहेरून विषाणू घेऊन आलेली माशी तुमच्या औषधाने मरेल, पण मरण्याआधी एक-दोन झाडं बाधित करूनच. फवारणी थांबवते ती पुढची साखळी: तुमच्याच प्लॉटमधल्या रोगट झाडावर जन्मणाऱ्या आणि तिथून पसरणाऱ्या माश्यांची. बाहेरून येणाऱ्यांना अडवायला जाळी, आच्छादन आणि लागवडीची वेळ लागते.

*पिल्लूपणीच ठरणारं नशीब.* भुईमुगाचा शेंडेमर रोग, जो टोमॅटोवरही येऊन पानांवर काळपट ठिपके, कडी पाडतो आणि शेंडा जाळतो, तो थ्रिप्स पामी नावाच्या फुलकिड्यामार्फत पसरतो. यात विषाणू फक्त लहान पिल्लाच्या अवस्थेतच घेता येतो. मोठा झालेला फुलकिडा रोगट झाडावर आठवडाभर बसला तरी त्याच्यात विषाणू रुजत नाही. पिल्लूपणी घेतलेला विषाणू मात्र त्याच्या शरीरात वाढतो आणि जन्मभर सोबत राहतो. त्यामुळे फुलकिडे जिथे जन्मतात, तीच जागा महत्त्वाची: प्लॉटमधली रोगट झाडं, बांधावरचं तण. फुलकिड्याची कोषावस्था मातीत जाते, म्हणून मल्चिंग पेपर (बेडवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) आणि बेडची स्वच्छता इथे दुहेरी उपयोगाची.

फुलकिड्यांचा आणखी एक उद्योग आहे. टोबॅको स्ट्रीक विषाणू त्यांच्या पोटात जात नाही. तो परागकणांत असतो. अंगाला परागकण चिकटलेला फुलकिडा पानावर ओरखडा काढतो आणि परागातला विषाणू त्या जखमेतून आत जातो. गाजर गवतावर हा विषाणू लक्षण न दाखवता राहतो आणि परागकण तर ते ढिगाने तयार करतं. १९९७ मध्ये कर्नाटकात सूर्यफुलावर दिसलेला नेक्रोसिस रोग याच विषाणूचा. २००० च्या खरिपात त्यानेच आंध्रच्या अनंतपूर जिल्ह्यात सुमारे सव्वादोन लाख हेक्टर भुईमूग बाधित केला. गाजर गवत फुलावर येण्याआधी काढा, हा सल्ला आपण इतक्यांदा ऐकलाय की तो कानाआड जातो, पण या रोगात तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे. फुलावर आलेलं गवत उपटताना पराग सगळीकडे उडतो, तेव्हा ‘येण्याआधी’ हा शब्द महत्त्वाचा.

भाताचा टुंग्रो (हिरवे तुडतुडे) आणि तुरीचा वांझ (कोळी) हे माव्याचा सेकंदांचा गट आणि पांढऱ्या माशीचा गट यांच्या मध्ये येतात: विषाणू घ्यायला मिनिटं-तास, टिकतो काही तास ते काही दिवस.

आणि मावा म्हटलं की सेकंदांचाच खेळ, असंही नाही. केळीचा पर्णगुच्छ नेणारा काळा मावा केळीवर वस्ती करून राहतो आणि त्याला विषाणू घ्यायला काही तास लागतात. श्रीलंकेतून १९४० च्या सुमारास केरळात आलेल्या या रोगाने तमिळनाडूच्या डोंगरांतली विरूपाक्षी केळी जवळजवळ संपवली. तिथे माव्यापेक्षा मोठा वाहक माणूसच ठरला, रोगट मुनव्यांची (केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांची) ने-आण करणारा.

चौथी पायरी: लागवडीआधीचं काम

माझ्या मते निम्म्याहून जास्त लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. झाड जितकं लहान असताना विषाणू लागतो तितकं नुकसान मोठं. महिनाभराच्या टोमॅटोला लागला तर ते झाड गेलं. तोडा सुरू झाल्यावर लागला तर थोडी घट येते, इतकंच. तेव्हा सगळा जोर पहिले चाळीस-पन्नास दिवस वाचवण्यावर लावा.

जुन्या रोगट प्लॉटच्या बाजूला, आणि त्यातही वाऱ्याच्या खालच्या अंगाला, त्याच वर्गातलं नवं पीक लावू नका. पपईजवळ काकडी, कलिंगड, भोपळा, दोडका नको, रिंगस्पॉट त्यांच्यावरही येतो. केळीत काकडीवर्गीय किंवा टोमॅटो, मिरचीचं आंतरपीक घेण्याचा मोह टाळा. सोयाबीन पट्ट्यात गेल्या काही वर्षांत उन्हाळी सोयाबीन वाढलं. बियाण्यासाठी ते सोयीचं असेल, पण त्यामुळे पांढऱ्या माशीला आणि पिवळ्या मोझॅकला वर्षभर हिरवं घर मिळतं. २०२३ च्या खरिपात विदर्भात पिवळं पडलेलं सोयाबीन आठवत असेल, तर आपल्या शिवारात उन्हाळी पीक कुठे घ्यायचं याचा गावाने एकत्र बसून विचार करायला हवा. एकट्या शेतकऱ्याने हे जमत नाही, ही यातली खरी अडचण.

रोपवाटिका निदान ४० ते ५० मेशच्या (इंचाला तेवढी छिद्रं असलेल्या) जाळीत हवी. रोपं विकत घेत असाल तर नर्सरीत जाऊन दोन गोष्टी बघा: दाराला दुहेरी पडदा आहे का, आणि आत पिवळ्या सापळ्यावर काय चिकटलंय. सापळा पांढऱ्या माशीने भरलेला असेल तर रोप स्वस्त असलं तरी परत फिरा. केळीची टिश्यूकल्चर रोपं घेताना विषाणू तपासणीचं प्रमाणपत्र मागा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची त्यासाठी प्रमाणन व्यवस्था आहे. बाधित बागेतले मुनवे फुकट मिळाले तरी घेऊ नका.

वाणाबद्दल थोडं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात दिलेली ‘परभणी क्रांती’ भेंडी रानटी भेंडीच्या संकरातून आली होती आणि केवड्याला चांगली तोंड देत होती. आज तिचा दम पूर्वीइतका उरलेला नाही, कारण विषाणू बदलतो. प्रतिकारक वाण घ्या, पण पाकिटावरच्या शब्दापेक्षा आपल्याच तालुक्यात गेल्या दोन हंगामांत तो कसा राहिला हे विचारा. टोमॅटोत ‘अर्का रक्षक’सारखे लीफ कर्लला तोंड देणारे संकर आहेत. पपईत मात्र आपल्याकडे रिंगस्पॉटला पूर्ण दाद न देणारा वाण लागवडीत नाही. ‘रेड लेडी ७८६’ रोग येऊनही काही काळ फळं देते, म्हणून ती टिकून आहे. हवाईत १९९२ मध्ये पुना भागात हा रोग घुसल्यावर विषाणूच्याच कवचाचं जनुक घातलेले पपईचे वाण १९९८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती गेले आणि तिथली पपई वाचली. भारतात अशा पपईच्या लागवडीला परवानगी नाही.

आता सीमापीक. पपई, मिरची, काकडीवर्गीय यांच्या भोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी मुख्य लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी पेरा. पपईत शेवरीही चालते. सोबतच पेरलात तर ती कमरेइतकी होईपर्यंत धोक्याचे दिवस संपलेले असतात. सीमापीक नुसती भिंत म्हणून काम करत नाही. बाहेरून आलेला मावा आधी मक्यावर उतरतो, तिथे सोंड खुपसून बघतो आणि टोकाला चिकटलेला विषाणू मक्यातच पुसला जातो. मक्याला रिंगस्पॉट होत नाही. सेकंदांच्या गटाविरुद्ध हे इतकं चपखल का बसतं, ते आता लक्षात आलं असेल.

बांधावरची पेटारी, ओसाडी, गाजर गवत लागवडीच्या पंधरा दिवस आधी काढा. लागवडीनंतर काढलीत तर त्यावरची सगळी कीड थेट तुमच्या रोपांवर येईल.

पाचवी पायरी: पहिले पन्नास दिवस

बेडवर चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, चंदेरी बाजू वर. परावर्तित उजेडाने उडत्या मावा, पांढरी माशी, फुलकिडे यांना खाली उतरायचं भान राहत नाही. झाडाने बेड झाकला की हा परिणाम संपतो, पण तोवर नाजूक काळ निघून जातो. कलिंगड, खरबूज, टोमॅटो, मिरचीत १७ जीएसएमचं (चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं) क्रॉप कव्हर, म्हणजे पातळ कापडी आच्छादन, बांबूच्या किंवा तारेच्या कमानींवर लावा आणि कडा मातीत दाबा. वेलवर्गीयात मादी फुलं दिसू लागली की ते काढावंच लागतं, नाहीतर मधमाशी आत येणार नाही. एकरी खर्च ऐकून दचकायला होतं, पण त्या तीन-चार आठवड्यांतल्या फवारण्या वजा करून बघा.

सोयाबीन, मूग, उडीद अशा पेरणीच्या पिकांत हे शक्य नाही. तिथे बीजप्रक्रिया. सोयाबीनला थायमेथोक्झाम ३० एफएस किलोला १० मि.ली. लावून पेरलं तर सुरुवातीचे तीन-चार आठवडे पांढऱ्या माशीपासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. जिवाणू संवर्धक त्यानंतर, पेरणीच्या आधी लावायचं.

दर दोन-तीन दिवसांनी प्लॉटमधून नागमोडी फिरा, बांधाकडच्या ओळी आधी. रोगट झाड दिसलं की उपटायचं, पण कसं ते महत्त्वाचं. सर्वसाधारणपणे माणूस झाड हिसकतो, हातात धरून सगळ्या ओळींतून चालत बांधावर नेतो आणि वाटेत त्यावरच्या माश्या दोन्ही बाजूंना वाटत जातो. असं करण्यापेक्षा ते तसंच राहू दिलेलं बरं. पहाटे जा, मोठी प्लास्टिकची पिशवी किंवा खताची रिकामी गोणी वरून अलगद झाडावर ओढा, बुंध्याशी आवळा आणि मग मुळासकट उपटा. पिशवी तशीच बांधून उन्हात टाका किंवा पुरा. केळीत पर्णगुच्छ असेल तर आधी माव्यासाठी फवारणी, दुसऱ्या दिवशी झाड गड्ड्यासकट काढायचं, नाहीतर त्याच गड्ड्यातून रोगट मुनवा पुन्हा वर येतो.

उपटणं कधी थांबवायचं? शंभरात चार-पाच झाडांपर्यंत ते नक्की फायद्याचं. पाव प्लॉट रोगट झाला आणि पीक फळावर असेल तर उपटून काही हाती लागत नाही. तिथे पाणी-खत नीट ठेवून निघेल तेवढा माल काढावा. नांग्या (मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा) भरताना उशिराची कोवळी रोपं रोगट झाडांच्या मध्ये लावू नका, ती सर्वांत आधी पडतात.

सहावी पायरी: फवारणी, जिथे अर्थ आहे तिथे

सेकंदांच्या गटात कीटकनाशकावर भिस्त नको. तिथे थोडाफार उपयोग होतो तो खनिज तेलाच्या हलक्या फवारणीचा, कारण तेलाच्या थरामुळे विषाणू सोंडेला नीट चिकटत नाही. उन्हात पानं भाजण्याचा धोका असतो, आणि गंधकाच्या फवारणीच्या मागे-पुढे तेल नको.

पांढरी माशी आणि फुलकिड्यांवर फवारताना नोझल पानाच्या खालून वर मारा. औषध वरून ओतलं तर कीड छत्रीखाली सुखरूप. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, अॅसिटामिप्रिड ही तीन वेगळी नावं असली तरी कुळ एकच आहे. एकानंतर दुसरं मारणं म्हणजे औषध बदलणं नव्हे. डायफेन्थियुरॉन, फ्लोनिकामिड, स्पायरोमेसिफेन, पायरीप्रॉक्सिफेन हे वेगवेगळ्या कुळांतले. शेवटची दोन माशीपेक्षा अंडी-पिल्लांवर जास्त काम करतात, म्हणून लवकर वापरायची. सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड पांढऱ्या माशीत वारंवार मारली की मित्रकीटक मरतात आणि माशी उलट वाढते. कापसात हे आपण बघितलंय. कीड कमी असताना पाच टक्के निंबोळी अर्काने भागतं. कोणतंही औषध त्या पिकासाठी लेबलवर असेल तरच घ्या, मात्राही तिथलीच.

पाच बाटल्यांचं मिश्रण करू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापूस फवारताना झालेल्या विषबाधेत वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याच्या वर गेलेल्या पिकात, वाऱ्याच्या उलट, उघड्या अंगाने फवारू नका आणि मजुरालाही तसं करू देऊ नका.

सातवी पायरी: पीक संपल्यावर

शेवटचा तोडा झाला, भाव पडला, की टोमॅटोचा प्लॉट तारा-बांबूसकट महिनाभर तसाच उभा राहतो. शेजाऱ्याच्या नव्या रोपांसाठी याहून मोठा धोका नाही. पण तो लगेच उपटूही नका. हजारो माश्या त्याच दिवशी जवळच्या हिरव्या प्लॉटवर सरकतील. आधी एक फवारणी करून माशी मारा, दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग झाडं बुंध्याशी कापून जागेवर वाळू द्या. वाळल्यावर तारा सोडवा आणि अवशेष खड्ड्यात घालून मातीने झाका. जवळपास कोणाची लागवड चार-सहा दिवसांत असेल, तर फवारणीची तारीख त्याला आधी सांगून ठेवा.